साधा मजकूर

सोमवार, ४

ह्यांनी दुकानासाठी नवी ‘सेवा’ घेतली. मेल, गिऱ्हाइकांच्या नोंदी, भेटीच्या वेळा, सगळं एकाच कंपनीकडे आणि एकाच पडद्यावर. आत शिरायला एक दार आणि बाहेर पडायला तेही नाही, असं मी म्हटलं. सेवा करेल त्याला मेवा मिळतो म्हणतात. इथं सेवा आपण करायची आणि मेवा त्यांनी खायचा. हे नुसते हसले. माझ्या टोमण्यांची त्यांना सवय आहे. पुढचं चष्म्याचं दुकान त्यांचं, मागची खोली माझी, मध्ये एक कापडी पडदा.

मी खोटे डोळे रंगवते. हे सांगताना अजूनही जरा थांबावं लागतं, कारण ऐकणाऱ्याचा हात आधी स्वतःच्या डोळ्याकडे जातो. साचा डॉक्टर घेतात, त्यावरून कवच तयार होतं, आणि त्यात बसायची बुबुळाची चकती मी हातानं रंगवते, दुसऱ्या डोळ्याकडे बघून. म्हणून माझा एकच नियम: माणूस माझ्या खिडकीशी, माझ्या खुर्चीत, माझ्यासमोर बसला पाहिजे.

नव्या सेवेत आलेला पहिलाच मेल नियम मोडणारा निघाला. लांबच्या गावच्या एका शाळेतल्या बाई. उजवा डोळा गेलाय. नवरा कातारी, लेथवर लाकूड कातून पाय, मुठी, बुद्धिबळाची प्यादी करणारा. बाई घराचा उंबरा ओलांडायला तयार नाहीत. शाळा पुढच्या महिन्यात आठ तारखेला उघडते. त्याआधी हुबेहूब डोळा बसला तर वर्गावर जाईन, नाहीतर राजीनामा, असं त्यांनी सांगून टाकलंय. साचा कुरियरनं निघालाय, दवाखान्यातून डाव्या डोळ्याचे फोटो येतायत. डोळा कसा गेला याबद्दल कातारी अक्षर लिहीत नाही.

त्या मेलखाली सेवेनं आमच्या सोयीसाठी तीन तयार उत्तरं ठेवली होती. ‘धन्यवाद!’ ‘छान बातमी!’ आणि ‘मनःपूर्वक अभिनंदन!’

बुधवार, ६

साचा आला. फोटो आले नाहीत. म्हणजे आले, पण पोचले नाहीत. मेलमध्ये फोटोंच्या जागी राखाडी चौकोन आणि त्यात लिहिलेलं: ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी ही विचलित करणारी चित्रं काढून टाकण्यात आली आहेत.’ जन्मभर मी असल्याच चित्रांसमोर बसून जेवले आहे, आणि आता माझं मन जपायला हे निघाले!

ह्यांनी मदतीच्या खिडकीत तक्रार लिहिली. समोर माणूस नाही, यंत्र. ते म्हणालं, ‘डोळ्यांच्या चित्रांबद्दल विचारताय का? आमच्याकडे हसऱ्या डोळ्यांची अनेक चिन्हं आहेत.’ मी पडद्याकडे असं बघितलं की ह्यांनी मलाच पाणी आणून दिलं.

संध्याकाळी कातारी फोनवर मिळाला. पुन्हा काढा म्हटलं फोटो, दुसऱ्या वाटेनं पाठवा. तो म्हणाला, “बाई नाही म्हणतात.” का, तर पहिले फोटो कुठं गेले ते कोणी सांगत नाही. माझा चेहरा कोणाच्या कुठल्या पेटीत पडलाय कोण जाणे, आता एकही काढू देणार नाही, असं त्या म्हणतात. बाईंचं चुकलं असं मला म्हणता येईना. मग डोळे आहेत कसे ते तरी सांगा, असं विचारलं, तर पलीकडून “बघतो” एवढं आलं आणि फोन बंद. बायको घरात आहे अकरा वर्षं, आणि हा आता बघतो म्हणतोय.

गुरुवार, ७

मेल आला. एकच ओळ. ‘बाईंचे डोळे घारे आहेत.’

शाब्बास. निदान मुद्द्याचं बोलला. घारे म्हटल्यावर मला पुढचं सांगायला नको. माझी आत्या घारी होती, तिच्या डोळ्यात बघून मी रंग शिकले. करड्यात हिरवी झाक, कडेला निळसर. दुपारपर्यंत नमुन्याची चकती रंगवून कुरियरकडे दिली. इतकी सुंदर उतरली की ह्यांना दाखवायला पडद्याबाहेर गेले.

मंगळवार, १२

कपाळावर हात मारून घेतला. कातारी लिहितो:

‘चकती मिळाली. बाईंनी बघितली. हा कोणाचा डोळा, असं विचारलं आणि दार लावून घेतलं. अजून उघडलेलं नाही. जेवण आईनं दारातून दिलं. आमच्याकडे घारे म्हणजे तपकिरीच, पण उजळ. मधासारखे. तुम्ही हिरवे का पाठवले?’

आमच्याकडे घारे म्हणजे मांजरीसारखे, त्यांच्याकडे घारे म्हणजे मधासारखे, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी शुद्ध मराठी बोलतोय! शब्द एकच, त्याच्यात दोन बायका बसल्या होत्या, आणि मी भलतीचाच डोळा करून पाठवला. ती बिचारी आरशात स्वतःला शोधत असणार, आणि तिच्या हातात माझी आत्या. मला आज जेवण गेलं नाही.

बुधवार, १३

कातार्‍याला सविस्तर उत्तर लिहिलं. माझं लिहिणं जरा पसरट. मुद्दे ठळक केले, रंगांच्या नावांना रंग दिले, मध्ये एक आकृती काढली. त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं खातं. तिकडे माझ्या मेलची एक पुरचुंडी पोचली, जी त्याच्या कुठल्याच यंत्रात सुटेना. एका कंपनीची गाठ दुसऱ्या कंपनीला सोडवायची नसते म्हणे, तसा त्यांचा धंद्याचा रिवाज आहे. पोस्टमननं पाकीट आणून द्यावं आणि कात्री मात्र आमच्याच दुकानातून घ्या म्हणावं, त्यातली गत.

शेवटी ह्यांना खूप आत कुठंतरी एक कळ सापडली. ‘साधा मजकूर’. ती दाबली की ठळक नाही, रंग नाही, आकृती नाही, नुसती अक्षरं जातात. तेवढीच सगळीकडे पोचतात.

मग साध्या मजकुरात लिहिलं: घारे, तपकिरी असले शब्द आता विसरा. बाईंना सकाळी खिडकीकडे तोंड करून बसवा. तुम्ही खिडकीकडे पाठ करून समोर स्टुलावर बसा. बाहेरच्या कडेपासून आत या आणि दिसेल ते लिहा, तुमच्या धंद्यातल्या शब्दांत लिहिलंत तरी चालेल.

शनिवार, १६

‘दार उघडलं. समोर बसू देत नाहीत. दारातून बघून लिहितो. सागाचा रंग. तेल न लावलेला साग.’

दारातून! मी टिचभर बुबुळाबद्दल विचारते आणि हा दारातून बघतो. शिवाय बायकोला अहो-जाहो. ह्यांना म्हटलं, गावाबरोबर तोही बाई म्हणतो वाटतं. हे म्हणाले, “पूर्वी म्हणत नसेल कदाचित.” आता पूर्वीचं ह्यांना काय माहीत?

उत्तरात मी बरीच फटकळ झाले. लेथवर काम करताना दारातून करता का, असं विचारलं. त्यावर तासाभरात उत्तर: ‘लेथ बंद आहे. त्या दिवसापासून लावलेला नाही. त्या चहा घेऊन आल्या होत्या.’ म्हणजे बायको आजारी तर हा काम बंद करून बसलाय, आणि मध्येच चहाचं काय? माणूस आळशी आणि विस्कळीत आहे. ह्यांनी तो मेल दोनदा वाचला आणि मला म्हणाले, त्याला जरा सांभाळून लिही.

मंगळवार, १९

आजचा मेल इथं उतरवून ठेवते. त्या कंपनीचा भरवसा नाही.

‘आज पहाटेच ती खिडकीत येऊन बसली होती. मी स्टूल घेऊन समोर बसलो. काही बोलली नाही. उठूनही गेली नाही. लिहितो. कडेचा पट्टा गडद आहे, शिसवीसारखा, पण सगळीकडे सारखा नाही. वरच्या बाजूला जाड. पापणीची सावली असेल म्हणून तिला पापणी वर धरायला सांगितली, तरी जाडच. तिथून आत आलं की सागाला तेलाचा पहिला हात दिल्यावर येतो तो रंग. त्यात रेषा आहेत. मी एवढं लाकूड बघितलं, इतक्या बारीक रेषा कशात बघितल्या नाहीत. सगळ्या बाहुलीकडे निघालेल्या आहेत. काही मध्येच थांबतात. बाहुलीभोवती एक कडं आहे, जवळजवळ पिवळं. रंध्याखालून निघालेली पातळ ढलपी उजेडात धरली तर दिसतं तसं. हे कडं मी पहिल्यांदा बघितलं. तिला सांगितलं तर म्हणाली, माझंच आहे आणि मलाही माहीत नव्हतं.’

हे वाचत होते आणि माझ्या हातातला कुंचला वाळून गेला. आजवर माझ्या खुर्चीत किती माणसं बसली, किती बुबुळं मी उतरवली. पण कोणी नुसती अक्षरं पाठवावीत आणि माझ्या टेबलावर बुबुळ उघडावं, हे कधी झालं नव्हतं. मी थक्क झाले. कोण कुठली बाई, मी तिचं तोंड बघितलेलं नाही, आणि तिच्या डोळ्यातलं जे कडं तिला स्वतःला ठाऊक नव्हतं ते मला दिसत होतं. हे काय आहे? मला खरंच कळत नाही. मी तशीच बसून राहिले आणि मग कामाला लागले, कारण डोळ्यापुढून ते जाईल अशी भीती वाटली.

व्याकरणाचं मात्र कठीण आहे. शनिवारपर्यंत ‘त्या’ आणि आज एकदम ‘ती’. मास्तरीणबाईंच्या नवऱ्यानं एका माणसाला एकाच पद्धतीनं संबोधायला हवं.

सेवा हल्ली प्रत्येक मेलवर सारांशही देते. या मेलचा सारांश: ‘ग्राहक सागाच्या फळ्यांबाबत चौकशी करत आहे.’ आणि तयार उत्तर: ‘क्षमस्व, सध्या माल शिल्लक नाही.’

गुरुवार, २१

फार वाईट दिवस. सकाळी कातार्‍याचा मेल आला पण उघडेना. वर लाल पट्टी: ‘या संदेशात व्यक्तीला शारीरिक इजा केल्याचा उल्लेख आढळल्यामुळे तो रोखून ठेवण्यात आला आहे.’

बंद पडलेलं काम, दारं लावून घेणारी बायको, घरात बसून असलेला पुरुष. मी त्याला फटकळपणे लिहिलं होतं. रोज समोर बसवा, रोज बघा, असा मीच तगादा लावला होता. त्याचा हात उठला असेल का? की तिनंच काही करून घेतलं? फोन लावला, कोणी उचलत नाही.

ह्यांनी अख्खी सकाळ त्या मदतीच्या यंत्रापुढं घालवली. मेल सोडा म्हटलं तर ते विचारतं, ‘तुम्ही सध्या सुरक्षित आहात का?’ आम्ही आहोत रे बाबा, पण ती आहे का ते तुझ्या मुठीत आहे! यंत्र म्हणालं, ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’ दुसऱ्याच्या घरातला कागद हे असे दाबून बसतात आणि वर पुन्हा गोड बोलतात. ज्याच्या तोंडावर ओरडावं असं माणूससुद्धा ठेवलेलं नाही. मी आज चकतीला हात लावला नाही.

शुक्रवार, २२

मेल सुटला. हा तो पूर्ण मेल:

‘आज रंगाचं काही लिहीत नाही. काल संध्याकाळी तिनं मला डोळा मारला. एकच असल्यामुळं मारल्यावर तिला काहीच दिसेना. मग आम्ही दोघं हसत बसलो. आईनं आतून विचारलं काय झालं. बाकीचं उद्या.’

मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. मराठीत डोळा मारतात त्याला जखम होत नाही, डोळा लागतो तेव्हा माणूस झोपतो, आणि काणाडोळा करायला काणं असावं लागत नाही, हे त्या यंत्राला कोण शिकवणार? पण एक डोळा गेलेल्या बाईनं उरलेला मारावा! इतकं धाडस माझ्याच्यानं झालं नसतं.

ह्यांचा आवाज वाचताना मध्येच बसला. हल्ली हे मेल वाचून दाखवतात तेव्हा ह्यांचा घसा धरतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

सोमवार, २५

आज म्हणे कंपनीतल्या जिवंत माणसाचा फोन आला. हे फोन घेऊन रस्त्यावर गेले, बराच वेळ बोलत होते. परत येऊन म्हणाले, “तपास चालू आहे. फोटो काही मिळत नाहीत.” तोंडावर मात्र साखर चोरून खाल्लेल्या पोरासारखा भाव. त्या माणसानं काही सवलत दिली असेल आणि मला कळू द्यायची नसेल.

दुपारी चहा घेऊन पुढं गेले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीतरी मोठं, गोल, तपकिरी होतं, ते ह्यांनी झटकन बंद केलं. लाकडी फ्रेमची नवी जाहिरात असावी. मग उगाच विचारतात कसे, “समजा आज फोटो आले तर काय करशील?” मी म्हटलं, करायचंय काय, चार दिवसांत काम उरकीन आणि त्या दोघांना रोज तास-तासभर समोरासमोर बसण्यातून सोडवीन. हे “हं” म्हणाले आणि चष्मे पुसत बसले.

गुरुवार, २८

दोन मेल. पहिला सकाळचा:

‘काल लेथ लावला. तिनंच सांगितलं. मी काम थांबवेपर्यंत दाराशी उभी राहिली. तिच्या डोळ्याला माझा गॉगल लावला होता. एक सांगायचं राहिलंय. बाहुलीच्या काठाला, खालच्या अंगाला, एक काळसर खूण आहे. उभी. वर गोल आणि खाली रुंद, मी कातलेल्या प्याद्यासारखी.’

मी लगेच विचारलं, रोज असते का? सकाळी-दुपारी हलते का? कारण बुबुळावर तीळ असतो कधीकधी, पण असा घडवल्यासारखा तीळ मी बघितलेला नाही. उत्तर आलं:

‘मी बघतो तेव्हा असतेच. आईलाही बसवून दाखवली. ती म्हणते आहे खूण, पण बुटकी आहे आणि बरीच रुंद. आईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.’

ह्यांना एवढं हसू का आलं कळेना. म्हटलं, हसता काय, नंबर काढायला बोलवा त्यांना, तेवढंच गिऱ्हाईक. हे डोळे पुसत म्हणाले, “तू ती खूण काढच. जशी लिहिलीय तशीच काढ.” काढणारच होते. मी काय दिसेल ते सोडणारी आहे?

सगळ्यात बारीक कुंचला घेतला, श्वास धरला आणि बाहुलीच्या काठावर ते प्यादं उभं केलं. इतकी वर्षं मला वाटायचं की बुबुळात बघण्यासारखं होतं ते मी बघून झालं. आणि आता हे! एवढ्याशा गोलात काय काय असू शकतं याचा थांग नाही. खाली ठेवलं तेव्हा मला कोणालातरी नमस्कार करावासा वाटत होता, पण खोलीत कोणी नव्हतं.

सोमवार, १

वरचा पारदर्शक थर चढवला, पांढऱ्यावर लाल रेशमाच्या शिरा बसवल्या, घासून चकाकी आणली. पूर्ण झाला. पेटीत ठेवला तर तो माझ्याकडे बघतो.

कातार्‍याला लिहिलं की बसवायला मात्र इथं यावंच लागेल, कुरियरनं देणार नाही. भीत भीत लिहिलं. उत्तर: ‘शुक्रवारी येतो. ती म्हणाली, ज्या बाईंनी मला न बघता बघितलं त्यांना बघायचंय.’

बुधवार, ३

न बघता केलेला डोळा. आज सारखं मनात येतंय की मी वेडेपणा केला. जुळला नाही तर ती तशीच परत जाईल आणि सोमवारी वर्गात दुसरं कोणीतरी उभं असेल. फळ्या, तेल, ढलप्या, यावरून कोणी डोळा करतं का? पेटी उघडून बघायचं धाडस होत नाही.

शुक्रवार, ५

दोघं सकाळच्या गाडीनं आले. तो उंच, वाळका, हाताला वार्निशचा वास. ती लहानखुरी, नाकापेक्षा मोठा काळा गॉगल, मान खाली. नातेवाईक आत चालत नाहीत म्हणून त्याला पुढं ह्यांच्यापाशी बसवलं आणि तिला माझ्या खुर्चीत. गॉगल काढायला तिला वेळ लागला. मी घाई केली नाही.

मग तिनं डावा डोळा माझ्याकडे वळवला. ओळखीचा डोळा होता. वरच्या बाजूला जाड असलेला पट्टा, मध्येच थांबलेल्या रेषा, ते पिवळं कडं, सगळं जिथल्या तिथं. जन्मात न भेटलेल्या माणसाला मी रोज भेटत होते. मी तिचा हात धरला.

मग खूण शोधली. नव्हती. भिंग लावलं, खुर्ची वळवली, तिला वर-खाली बघायला लावलं. बाहुलीच्या काठाला काहीही नाही, स्वच्छ. मी तिच्या डोळ्यात नसलेलं काहीतरी रंगवलं होतं! तिला काही न सांगता डोळा बसवला. हातातला आरसा तिनं बराच वेळ धरला. चेहऱ्यावरून मला काही कळेना. मग म्हणाली, “ह्यांना बोलवा.”

तो आला. तिनं त्याला समोर स्टुलावर बसवलं, खिडकीकडे पाठ, आणि विचारलं, “सांगा, खोटा कुठला?”

तो वाकला. एका डोळ्यात बघितलं, दुसऱ्यात बघितलं. मान जरा इकडे केली, जरा तिकडे. आणि सरळ उजव्याकडे बोट केलं. “हा.”

मला ते झोंबलं, खोटं कशाला सांगू. ओठांवर आलंच, “कशावरून?”

तो विचार करून बोलणारा माणूस आहे. म्हणाला, “त्या डोळ्यात मी एकच आहे. ह्यात दोन आहेत. एक हलतोय आणि एक नुसता बसलाय.”

मला क्षणभर अर्थ लागेना. मग त्याला उठवून मीच त्या स्टुलावर बसले आणि वाकले. तिच्या खऱ्या डोळ्यात, बाहुलीच्या काठाला, एक काळसर खूण उभी राहिली. वर गोल, खाली रुंद. आणि बुटकी. मी हात वर केला, त्या खुणेनंही हात वर केला.

मी नेहमी बाजूला बसते, माझी सावली डोळ्यात पडू नये म्हणून. आणि त्याला खिडकीकडे पाठ करून बसा असं लिहिणारी मीच. तो रोज तिच्या डोळ्यात बघत होता आणि रोज तिथं तोच होता. त्याला ते तिचंच काहीतरी वाटलं, मलाही तिचंच वाटलं. बाहुली, बाहुली म्हणत मी जन्म काढला, तिला बाहुली का म्हणतात हे कधी मनातही आलं नाही. जो समोर बसेल तो तिथं उभा असतो म्हणून.

शेवटी म्हटलं, माफ करा, तासाभरात घासून ती खूण काढून टाकते. तर तिनं डोळ्यावर तळहात ठेवला.

“हात लावायचा नाही कोणी,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, “एक तरी जागेवर बसलाय ना! दुसरा सारखा उठून लेथकडे पळतो.”

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं हसतोय. हसत नव्हता. तिनं त्याचा हात ओढून आपल्या गालावर, त्या डोळ्याखालीच ठेवला आणि म्हणाली, “पुरे झालं आता. सोमवारी शाळा आहे. पहिल्या तासाला पोरांना हेच विचारते, खोटा कुठला ओळखा. तुमच्याशिवाय कोणाला ओळखता येतोय बघू.”

जाताना ती रस्त्यानं मान वर करून चालत होती आणि एका बाईनं समोरून तिच्याकडे बघितलं तर तिनंही बघितलं. आम्ही दोघं दारात उभे होतो. हे कधीचे तोच एक चष्मा पुसत होते. आत वळले तर माझ्या खुर्चीवर तिचा गॉगल.

“अहो, गॉगल राहिला तिचा. मेल करता का?”

ह्यांनी गॉगल हातात घेतला, उलटसुलट बघितला. “करून उपयोग नाही,” म्हणाले. “आपली सेवा कशी आहे तुला माहीत आहेच. पोचायचा नाही.”

खरं आहे म्हटलं, आणि गॉगल खणात टाकला.